आवडता हायवे, नावडता हायवे आणि आपल्या दारातला हायवे

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. नवी गाडी, नवा उत्साह. जेवता जेवता त्याने मोबाईल पुढे केला. देशातले टॉप टेन हायवे म्हणून कुणीतरी व्हिडिओ टाकलेला. ड्रोनचं शूटिंग, मागे गाणं, काळाभोर रस्ता आणि त्यावर एकही माणूस नाही. म्हणाला, "मामा, तुम्ही एवढे फिरता. तुमचा फेव्हरेट हायवे कोणता? आणि सगळ्यात बेकार कोणता?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या उद्याला आज तीन आठवडे झाले. कारण विचार करायला लागलो तर लक्षात आलं की हा प्रश्न साधा नाहीच. म्हणून इथेच लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी लायकी सांगतो. वीस वर्षं जळगाव-धुळ्यात बातमीदारी करतोय. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. नाशिक, सुरत, इंदूर, नागपूर, सगळीकडे गाडी नेली. लहानपणी सुट्टीत त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी निम्मा महाराष्ट्र पाहिला. तेव्हा रस्ता हा विषय मी गुगल मॅपवर नाही, बोनेटच्या उष्णतेत शिकलोय.

आधी आवडते

एक नंबर मुंबई-आग्रा. त्यातही धुळे ते नाशिक. सरकारने नवा नंबर दिला ६०, आमच्या तोंडात अजून तीन नंबरच आहे. लळिंगचा किल्ला दिसला की गाडी मोकळी होते. मालेगावच्या गर्दीत न शिरता पुढे निघता येतं, चांदवडचे डोंगर येतात, मग पिंपळगावची द्राक्षं. सकाळी धुळ्यातून निघालेला माणूस नाशिकला काम करून रात्री घरी जेवायला येतो.

पण हा रस्ता मला आवडतो त्याचं कारण वेग नाही. धुळ्यात कधी आग्रा रोडला गेलात? कपड्याची दुकानं, भांड्यांची दुकानं, लग्नाची खरेदी, चालायला जागा नाही. नावच सांगतं की एकेकाळी आग्र्याचा रस्ता तिथूनच जात होता. पुढे हायवे गावाबाहेर नेला आणि आत राहिली बाजारपेठ. ट्रक बाहेर, माणसं आत. याला म्हणतात नियोजन. साधी गोष्ट आहे, पण पुढे जळगावचं सांगेन तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

दोन नंबर आपला जुना सहा, आताचा ५३. पण सगळा नाही. मुक्ताईनगरच्या पुढे मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती. या रस्त्याने आपल्याला किती छळलं ते विदर्भात सोयरीक असलेल्यांना विचारा. अकोला-अमरावती म्हणजे कमरेचा पट्टा बांधूनच निघायचं अशी अवस्था होती. वर्षानुवर्षं काम बंद, चालू, पुन्हा बंद. आणि मग जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली. गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या आसपासचा, आणि त्याला त्यांना दहा दिवस लागले होते.

मला त्या विक्रमाचा अभिमान वाटला. खरंच वाटला. पण रात्री झोप येईना. जे काम पाच दिवसांत होतं, त्यासाठी लोकांनी इतकी वर्षं हाडं का मोडून घेतली? म्हणजे यंत्रं होती, डांबर होतं, इंजिनीअर होते, मजूर होते. नव्हतं काय? कुणाला घाई नव्हती, एवढंच. तेव्हा यापुढे कोणताही साहेब "तांत्रिक अडचण आहे" म्हणाला की त्याला हा आकडा सांगा. १०५ तास ३३ मिनिटं. पाठ करून ठेवा.

तीन नंबर बऱ्हाणपूर-अंकलेश्वर. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. हा रस्ता टॉप टेनमध्ये कधी येणार नाही. पण एका बाजूला सातपुडा आणि दोन्ही बाजूला केळी, असा रस्ता मला देशात दुसरा दाखवा. याच रस्त्यावरच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. आपल्या केळीला जीआय मिळालं, ती केळी याच रस्त्याने दिल्लीकडे जाते. थंडीत पहाटे या रस्त्याने या आणि बामणोदला भरीत खा. दुसरं काही मागणार नाही.

आणि याच रस्त्यावर, किनगावजवळ, फेब्रुवारी २०२१ च्या एका रात्री पपईचा ट्रक उलटला. वर झोपलेले १५ मजूर गेले. बायका होत्या, लेकरं होती. रावेर तालुक्यातली हातावर पोट असलेली माणसं. म्हणून मी म्हणतो हा प्रश्न साधा नाही. ज्या रस्त्यावर जीव जडलाय, त्याच रस्त्यावर असे मृतदेह मोजलेत.

आता नावडते

पहिला मान जळगाव-अजिंठा-सिल्लोड-संभाजीनगर रस्त्याला. आज बराच भाग काँक्रीटचा झालाय, गाडी पळते, म्हणून लोक विसरले. मी विसरणार नाही. जगभरातून लोक अजिंठा पाहायला येतात, १९८३ पासून जागतिक वारसा आहे, जपानने कर्ज देऊन तिथल्या विकासाला हात लावला. आणि आपण काय केलं? जळगाव स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला ६० किलोमीटरसाठी धुळीने आंघोळ घातली. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी खोदायची, हे शेतात पाट काढणाऱ्या सालदारालाही कळतं. इथे दोन्ही बाजू एकदम उकरल्या आणि मग काम थांबलं.

ऑगस्ट २०१९. अण्णांना सकाळी झटका आला. इथले डॉक्टर म्हणाले, वेळ घालवू नका, औरंगाबादला हलवा. ॲम्ब्युलन्स केली. पहूर सोडलं आणि चिखल सुरू झाला. एक ट्रक आडवा अडकलेला, मागे दोन्हीकडून रांगा. मी खाली उतरून लोकांच्या पाया पडत होतो, गाडी मागे घ्या म्हणून. लोक चांगले होते, घेतही होते, पण मागे घ्यायला जागा कुठे होती? तीन तासांचा रस्ता, साडेपाच तास लागले. अण्णा वाचले. पण उजवा हात गेला तो गेलाच. ज्या हाताने ३१ वर्षं स्टेअरिंग धरलं, त्या हाताने आज पेपर धरता येत नाही. तिथल्या डॉक्टरांनी एकच वाक्य म्हटलं, "थोडं लवकर आणायला हवं होतं." मी काय सांगणार त्यांना?

ज्याने काम अर्धवट टाकलं त्याचं नाव मी इथे घेत नाही. माझ्या घरच्या दुखण्यावर मला पोस्ट चालवायची नाही. पण त्या वर्षांत त्या रस्त्यावर अडकलेली ती एकच ॲम्ब्युलन्स नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

दुसरा कन्नड घाट. चाळीसगावहून वर चढताना इतका देखणा घाट, पावसाळ्यात धबधबे, आणि भरवसा शून्य. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीत दरडी कोसळल्या, वाहनं अडकली, घाट बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली. म्हणजे सोलापूरहून धुळ्यामार्गे इंदूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग, आणि त्यावर ट्रकला वाट नाही. बोगदा होणार, बोगदा होणार, हे ऐकत माझे केस पांढरे झाले. निवडणूक आली की बोगदा येतो, निकाल लागला की जातो.

तिसरा सुरतचा रस्ता. आपल्या घराघरातलं कुणी ना कुणी उधना, लिंबायत, पांडेसरात आहे. खान्देशची अर्धी चूल सुरतेवर पेटते. रोज रात्री लक्झऱ्या भरून जातात. आणि रस्ता? साक्री, दहिवेल, मग कोंडाईबारी घाट. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरतकडे निघालेली लक्झरी तिथेच पुलावरून खाली गेली, पाच जण गेले. फागणे ते नवापूर चौपदरीकरणाच्या बातम्या मी स्वतः इतक्या वेळा लिहिल्यात की मथळा बदलायचाही कंटाळा आला होता.

आणि दारातला

पण भाच्याला खरं उत्तर द्यायचं तर सगळ्यात नावडता हायवे माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. बांभोरीचा पूल, खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, कालिंकामाता. जळगाव शहराच्या पोटातून गेलेला हायवे.

धुळ्याने हायवे बाहेर नेला आणि बाजार आत ठेवला, हे वर सांगितलं. आपण हायवे आत ठेवला आणि शहर त्याच्या दोन्ही बाजूला वाढू दिलं. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला शाळा. एका बाजूला कॉलनी, दुसऱ्या बाजूला दवाखाना. मधून गुजरातपासून ओडिशाच्या समुद्रापर्यंत जाणारे ट्रक. बांभोरीला विद्यापीठ, हजारो पोरं टू-व्हीलरवर त्याच पुलावरून. पाळधी ते तरसोद बायपासच्या तारखा किती आल्या आणि किती गेल्या, ते माझ्या डायऱ्यांत आहे. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना कृती समिती काढून आंदोलनं करावी लागली. जी जागा समांतर रस्त्याची म्हणून नकाशावर होती, ती जमिनीवर सापडत नव्हती.

"अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार." हे वाक्य मी किती वेळा टाईप केलं असेल? आता बोटं आपोआप टाईप करतात. सिंगल कॉलम, चार ओळी. नाव, वय, राहणार, पश्चात पत्नी, दोन मुलं. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात उभं राहिलात तर रांगोळीसारखी पोलिसांची खडूची रेघ दिसते. तिसऱ्या दिवशी ती टायरने पुसलेली असते.

एकदा नशिराबादकडच्या एका गावात आजीबाईंची बाईट घ्यायला गेलो. नवा रस्ता झाला होता, मला वाटलं खूश असतील. म्हणाल्या, "रस्ता मस्त व्हयना भाऊ, पन आमी वलांडाना कसा?" शेत त्या बाजूला, घर या बाजूला. मधे डिव्हायडर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मला हायवे मोजायची पट्टी मिळाली. ती गाडीत बसलेल्याच्या हातात नसते. ती त्या आजीबाईंच्या हातात असते.

हे नशीब नाही, हिशेब आहे

आता कुणी म्हणेल, अपघात काय, होतातच, ज्याची वेळ आली तो जातो. नाही साहेब. केंद्र सरकारचाच आकडा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांच्या वर. राष्ट्रीय महामार्ग हे देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम २ टक्के, आणि २०२२ मधले ३६ टक्के मृत्यू तिथे झाले. यमराज काय फक्त हायवेवर ड्युटी करतो का?

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, त्यात खान्देशचा एकही नाही, ते दुखणं वेगळं. पण रस्ता म्हणून उत्तम. तरी १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी आपल्या पळासनेरला, शिरपूर तालुक्यात, कंटेनर सरळ हायवेकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. एक रस्ता एकदम नवा, एक जुना. तेव्हा नुसतं डांबर चकाकलं म्हणजे जीव वाचतात असं नाही. उतारावर वेग कसा रोखणार, थांबा कुठे असणार, माणसं कुठे उभी राहणार, याचा विचार कुणीतरी कागदावर करावा लागतो. तो न करणं हा गुन्हा आहे.

गुन्हा हा शब्द मी रागाने वापरत नाही. कायदाच म्हणतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार किंवा ते खातं, ज्याची जबाबदारी असेल त्याला एक लाखापर्यंत दंड. आता मला सांगा, तुमच्या पाहण्यात हे कलम कधी लागलंय? हेल्मेट नसल्याची पावती मात्र चौकात उभी असते. आम्ही चुकलो की पाचशे, तुम्ही चुकलात की "काम प्रगतिपथावर आहे."

पैशाचंही ऐका. हायब्रीड ॲन्युइटी म्हणून जी पद्धत आहे, त्यात सरकार बांधकाम चालू असताना ४० टक्के पैसे देतं आणि उरलेले ६० टक्के पुढची १५ वर्षं हप्त्याने. त्या १५ वर्षांत देखभाल ठेकेदाराची. म्हणजे अशा रस्त्यावर खड्डा पडला तर "निधी नाही" हे उत्तर चालणारच नाही. हप्ता आपण भरतोय. वर टोल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळच्या पालियेक्करा टोलच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरळ विचारलं की ६५ किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने १५० रुपये कशाला द्यायचे? तिथला टोल हायकोर्टाने थांबवला होता आणि सुप्रीम कोर्टाने तो आदेश कायम ठेवला. मल्याळी माणूस कोर्टात गेला. आपण काय करतो? टोलवर हुज्जत घालतो, ओळख काढतो, "भाऊ, आपल्याच तालुक्याचा आहे" म्हणतो आणि सुटलो की खूश.

थोडं आपलंही

सगळं सरकारवर ढकलून मोकळा होणार नाही. डिव्हायडर कोण फोडतं? पेट्रोल पंपाला, ढाब्याला, मंगल कार्यालयाला सोयीचा कट पाहिजे म्हणून रात्रीतून कोण काढतं? रॉंग साईडने दोनशे मीटर कोण येतं? ऊस-कापसाच्या ट्रॉलीला मागे साधा लाल रिफ्लेक्टर का नाही? शेवभाजी खायला ट्रक रस्त्यावरच कोण लावतं? आपणच ना?

आणि आम्ही पत्रकार? वाढदिवसाला "विकासपुरुष" म्हणून पानभर जाहिरात छापतो, आणि त्याच अंकात सातव्या पानावर चार ओळीत अपघात. मीही त्यात आहे. जाहिरातीचं टार्गेट मलाही असतं. पण म्हणून गप्प बसलो तर त्या चार ओळींना काय तोंड दाखवू?

मागणं काय?

मोठं काही नाही. पाच गोष्टी.

१. हायवेवर दर पाच किलोमीटरला मोठा फलक. ठेकेदार कोण, देखभालीची जबाबदारी कधीपर्यंत, अधिकाऱ्याचा नंबर काय. मराठीत.

२. जिथे शाळा, विद्यापीठ, बाजार, गाव आहे तिथे आधी भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल, सर्व्हिस रोड. मग टोल. क्रम उलटा चालणार नाही.

३. दोन्ही बाजू एकदम खोदायला बंदी. ॲम्ब्युलन्सपुरती एक लेन कायम चालू.

४. प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर ड्रायव्हरबरोबर रस्त्याचीही चौकशी. दोष निघाला तर १९८-अ.

५. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत काय ठरलं ते महिन्याला जाहीर. आम्ही छापू. जाहिरातीच्या वर छापू.

तोवर तुमच्या-माझ्या हातातलं सांगतो. राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाईन नंबर १०३३, मोबाईलमध्ये सेव्ह करा. ॲम्ब्युलन्स १०८. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेलं म्हणून पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत, तसा कायदा आहे, घाबरू नका. आणि मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची योजना लागू आहे. दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं तर हे सांगा. खड्डा दिसला तर फोटो काढा, तारीख आणि किलोमीटरचा दगड फोटोत येऊ द्या. नुसतं "बेकार रस्ता" म्हणून स्टेटस ठेवून काही होत नाही, दगडाचा नंबर असेल तर तक्रार होते.

भाचा परत जायला निघाला तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "गाडी चांगली आहे. पारोळ्याच्या पुढे सावकाश घे. आणि गावातून जाताना हॉर्नवर नाही, ब्रेकवर पाय ठेव." ३१ वर्षांत एकही माणूस अंगाखाली न घेतलेला ड्रायव्हर सांगत होता.

बेटा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. माझा आवडता हायवे अजून व्हायचा आहे. ज्या दिवशी नशिराबादकडच्या त्या आजीबाई घरातून निघून शेतात आणि शेतातून घरी सुखरूप जातील, त्या दिवशी तुला फोन करून नाव सांगतो.

मंडळी, तुमच्या गावाजवळचा कोणता चौक, कोणता कट, कोणता पूल जीव घेतोय? खाली जागेचं नाव आणि किलोमीटर लिहा. पुढच्या आठवड्यात ही यादी घेऊन मी जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे. एकट्याने गेलो तर निवेदन होतं, शंभर जण आलात तर बातमी होते.